डेव्हिड ससून : जमा आणि नावे

पुण्यात 'ससून' म्हटले की रुग्णालय आठवते आणि मुंबईत 'ससून' म्हटले की मासळीचा धक्का. हे एका घराण्याचे नाव आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. त्या घराण्याचे मुंबईतील मूळ पुरुष डेव्हिड ससून. आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना खातेवहीची जमा आणि नावे या दोन्ही बाजू तपासायला शिकवतात. या थोर व्यापाऱ्याचे चरित्रही मला तसेच वाचावेसे वाटते.

डेव्हिड यांचा जन्म १७९२ साली बगदादच्या एका मातबर ज्यू घराण्यात झाला. वडील तेथील पाशांचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख होते. पुढे दाऊद पाशाच्या कारकिर्दीत या घराण्यावर संकट आले. बापलेकांना बगदाद सोडून आधी बसरा आणि मग इराणी आखातातील बुशहर हे बंदर गाठावे लागले. तेथेच १८३० साली वडील वारले. ज्या माणसाच्या शब्दावर बगदादचा ज्यू समाज चालला, त्याला परक्या मुलखात माती मिळाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत डेव्हिड सहकुटुंब मुंबईस आले.

त्यांचे पुढील कार्य समजण्यासाठी ज्यू लोकांचा मृत्यूविषयीचा आचार माहीत असायला हवा. मृतदेहाचे दहन न करता, शक्य तितक्या लवकर त्याचे दफन करतात. तोवर त्याला एकटे ठेवत नाहीत. समाजातील एक मंडळी हे काम धर्मकृत्य म्हणून करते. पुरुषाच्या देहाला पुरुष आणि स्त्रीच्या देहाला स्त्रिया स्नान घालतात व साधे पांढरे वस्त्र नेसवतात. या वस्त्राला खिसा नसतो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी प्रेताच्या थाटमाटाचा खर्च गरिबांना पेलेनासा झाला होता. तेव्हा रब्बान गमलिएल या धर्मगुरूने आपल्याला साध्या तागाच्या वस्त्रातच पुरावे अशी व्यवस्था केली आणि तोच पायंडा पडला. श्रीमंत असो की भिकारी, शेवटचे वस्त्र सर्वांना सारखेच!

दफनानंतर घरची माणसे सात दिवस सुतकात बसतात आणि पहिले जेवण शेजारी आणून देतात. अंत्ययात्रेच्या वेळी दानपेटी फिरवण्याचीही चाल आहे. मृताची सेवा हे ज्यू लोक सर्वांत निर्मळ सत्कृत्य मानतात, कारण त्याची परतफेड मृत माणूस करू शकत नाही. दानाला त्यांच्या भाषेत 'त्सेदाका' म्हणतात. या शब्दाचे मूळ न्याय या अर्थाशी आहे. म्हणजे दान ही देणाऱ्याची मेहेरबानी नसून घेणाऱ्याचा हक्क ठरतो. मध्ययुगातील पंडित मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याच्या पायावर उभे करणे.

डेव्हिड ससून यांची पेढी याच वळणावर चालली. १८४४ साली त्यांनी आपला मुलगा एलियास याला चीनला पाठवले आणि पुढे हाँगकाँग, शांघाय येथे पेढीचा जम बसला. बगदादकडील गरजू ज्यू तरुण नोकरीस ठेवले जात आणि त्यांचे राहणे, शिक्षण, उपासना यांची व्यवस्था केली जाई. पण परक्या बंदरात यांपैकी कोणी वारला तर? मृतासाठी 'कद्दीश' ही प्रार्थना म्हणायला दहा जण तरी हवेत, आणि पुरायला आपली जमीन हवी. हाँगकाँगची ज्यू दफनभूमी १८५५ साली झाली, तिच्यामागे ससून घराणे होते. तेथील मोठे प्रार्थनामंदिर डेव्हिड यांच्या नातवाच्या पुढाकाराने उभे राहिले, ते १९०२ साली. म्हणजे आधी माती आणि मग मंदिर! हा क्रम मला फार बोलका वाटतो.

त्यांचे दान आपल्या समाजापुरते राहिले नाही. मुंबईत वाट चुकलेल्या मुलांना हातचा धंदा शिकवणारी शाळा, पुण्यात निराधार व पंगू लोकांसाठी आश्रम, सर्व जातिधर्मांच्या रुग्णांसाठी रुग्णालय, आणि मुंबईचे ग्रंथालय अशा कामांना त्यांनी मोठ्या देणग्या दिल्या. ग्रंथालयाची इमारत त्यांच्या पश्चात १८७० साली पूर्ण झाली. भायखळ्याचे प्रार्थनामंदिरही (१८६१) त्यांचेच. १८५३ साली ते ब्रिटिश नागरिक झाले, पण इंग्रजी त्यांना येत नव्हती. सही हिब्रू अक्षरांत केली. पोशाखही अखेरपर्यंत बगदादीच राहिला.

ही झाली जमेची बाजू. आता नावेची बाजू पाहू.

पेढीच्या भरभराटीत कापूस आणि कापड होते, तशीच अफूही होती. हिंदुस्थानची अफू चीनला जाई आणि तेथील लाखो घरे तिने पोखरली. तो धंदा त्या काळी इंग्रजी कायद्याला संमत होता आणि इतर बडे व्यापारीही तो करत होते, हे खरे. पण पुण्याच्या रुग्णालयात बरा झालेला रुग्ण आणि चीनमध्ये अफूने खंगलेला माणूस, दोघेही एकाच खात्यात येतात, हे कसे विसरायचे?

दुसरी नोंद आपल्या मराठी माणसांना अधिक झोंबेल. बगदादी ज्यू येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात बेने इस्राएल राहत होते. ते मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचे चालीरीतींनी मिसळलेले जीवन बगदादी ज्यूंना शुद्ध वाटले नाही. १८३६ साली बगदादी मंडळींनी मुंबईच्या समाईक ज्यू दफनभूमीत दोन समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालून मागितली. वस्त्र सारखे, प्रार्थना एकाच देवाची, तरी मातीत भिंत! ज्या समाजाने ही मागणी केली, त्याचेच पुढारपण डेव्हिड ससून यांच्याकडे आले. आपल्याकडे जातवार स्मशाने असताना आपण त्यांना हसू नये. पण ही नोंद खोडूनही टाकू नये.

नोव्हेंबर १८६४ मध्ये डेव्हिड ससून पुण्यात वारले. ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, ते त्यांनी सुरू केलेले प्रार्थनामंदिर तेव्हा अपुरे होते. १८६७ साली ते पूर्ण झाले. त्याच्याच आवारात त्यांची समाधी आहे, चांगली कोरीव दगडी. गमलिएलचा साधेपणा त्या दगडात दिसत नाही.

मग या खात्याची शिल्लक काय? मला वाटते, दान मोठे म्हणून अफू माफ करू नये आणि अफू होती म्हणून दान खोटे ठरवू नये. दोन्ही नोंदी आपापल्या जागी राहू द्याव्यात. त्या समाधीत निजलेल्या माणसाच्या वस्त्राला खिसा नव्हता. पेढी, अफू, कापूस सारे बाहेर राहिले. आणि बाहेर जे राहिले त्यांत एक रुग्णालय असे आहे, की ज्याच्या दारात आजही रुग्णांमध्ये भिंत नाही. भिंत मागणाऱ्या समाजाच्या पुढाऱ्याने ते बांधायला पैसा दिला, हीच मला या चरित्रातली सर्वांत मोठी जमा वाटते.