नोकरीचा हुकूम आणि शाळेची वाट: राजर्षी शाहू महाराज आणि आपला समाज

दरवर्षी २६ जूनला महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन साजरा होतो. भाषणं होतात, हार घातले जातात. आरक्षणाचे जनक म्हणून आपणही राजर्षी शाहू महाराजांचं नाव अदबीनं घेतो. पण आरक्षण देऊन ते थांबले नाहीत. त्यापुढचं त्यांचं काम आपल्या मुस्लिम समाजानं जास्त लक्षात ठेवायला हवं.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. वयाच्या दहाव्या वर्षी, १८८४ मध्ये, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती आला तेव्हा ते विशीतच होते. दरबारात नजर टाकली तर चित्र स्पष्ट होतं. वरिष्ठ कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागा एकाच जातीकडे होत्या. बाकी रयत कर भरायची, पण कचेरीत खुर्चीवर बसलेला तिचा माणूस दिसायचा नाही. पुढे वेदोक्त प्रकरणात छत्रपती असूनही खुद्द महाराजांना शूद्र ठरवलं गेलं. जातीचा चटका राजालाही चुकला नाही, तर गरीब रयतेचं काय होत असेल, हे त्यांनी ओळखलं.

१९०२ साली राज्यारोहणाच्या सोहळ्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. तिथे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीरच्या गॅझेटमध्ये त्यांचा हुकूम प्रसिद्ध झाला. संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या गेल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी अशा पुढारलेल्या जाती सोडून बाकी सगळे या मागासलेल्या वर्गांत धरले होते. म्हणजे मराठे, महार, जैन, लिंगायत यांच्याबरोबर मुसलमानही त्यात आले.

हुकूम निघाला खरा, पण नोकरीला अर्ज करायला शिकलेली मुलं कुठून आणायची? खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा नाही, दोन वेळच्या जेवणाची सोय नाही, मग तो शिकणार कसा? म्हणून महाराजांनी १९०१ पासूनच कोल्हापुरात वसतिगृहं काढायला सुरुवात केली होती. मराठा, जैन, लिंगायत अशी एकेक समाजाची बोर्डिंगं उभी राहत गेली.

आपला समाज मात्र मागेच राहिला होता. पुढाकार घ्यायला फारसं कोणी नव्हतं. महाराजांनी त्यावर हात झटकले नाहीत. काही मुस्लिम मुलांना त्यांनी आधी मराठा बोर्डिंगमध्येच घेतलं. मग १९०६ मध्ये कोल्हापुरातल्या मुस्लिम मंडळींना बोलावून घेतलं, मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करून दिली आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. मुस्लिम बोर्डिंगसाठी जागा दिली, मदत दिली, काही दर्ग्यांचं उत्पन्नही तिच्याकडे वळवलं. दर्ग्याचा पैसा मुलांच्या तालमीला लागला, यापेक्षा त्याचा चांगला वापर कोणता? कोल्हापूरच्या दसरा चौकात ते मुस्लिम बोर्डिंग आजही उभं आहे. कुरआन शरीफच्या मराठी अनुवादाच्या कामालाही महाराजांनी मदत केली. त्यांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना गायक म्हणून मोठा मान होता.

१९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत बसवली. १९२० च्या माणगाव परिषदेत तरुण डॉ. आंबेडकरांच्या पाठीशी ते उघडपणे उभे राहिले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं ४७.

आज आपल्यात आरक्षणावर खूप बोललं जातं. ते बोललंच पाहिजे, हक्क मागितलाच पाहिजे. पण महाराजांनी हुकूम आणि बोर्डिंग या दोन गोष्टी कधी वेगळ्या केल्या नाहीत. राखीव जागेपर्यंत मूल पोहोचलंच नाही, तर ती जागा कागदावरच राहते. दहावीनंतर शहरात राहायची सोय नाही म्हणून आपल्या किती मुली घरी बसतात, हे आपल्या मोहल्ल्यात आपल्यालाच माहीत आहे. सरकारकडे वसतिगृहं मागू या. पण सोबत जमातीच्या पैशातून, जागेतून चार मुलींच्या राहण्या-जेवणाची सोय होते का, तेही पाहू या. महाराजांनी आपल्या बुजुर्गांना एकत्र बसवलं होतं, ते याच कामासाठी.