श्रवणभक्ती आणि सोलापूरचे सिद्धरामेश्वर

आजचं वाचन : दासबोध, दशक ४, समास १. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. वाचताना आमचे सिद्धरामेश्वर आठवले.

१२ वं शतक. सोलापूरचं नाव तेव्हा सोन्नलगी. मुद्दुगौडा आणि सुग्गलादेवी यांचा हा मुलगा फारसं बोलायचा नाही. लोक त्याला मंद समजायचे. पण शेतावर आलेल्या अनोळखी जंगमाचं बोलणं त्याच्या मनात असं बसलं, की त्याच्या शोधात तो थेट श्रीशैलला गेला. परतल्यावर ६८ लिंगं स्थापली, तळं खोदलं.

परंपरा सांगते, तळ्याचं काम चालू असताना अल्लमप्रभू तिथे आले. त्यांनी सिद्धरामांना सरळ माती खोदणारा म्हटलं. कामावरचे लोक दगड घेऊन धावले. सिद्धरामही भडकले. एवढं काम, एवढं नाव, आणि हे ऐकायचं?

पण त्यांनी ऐकलं. बाहेर एवढं बांधलं, आत काय, हा प्रश्न मनाला लागला. ते अल्लमप्रभूंसोबत कल्याणला गेले, अनुभवमंटपात बसले आणि वयानं लहान असलेल्या चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली.

आपण मात्र समोरचा बोलत असतानाच उत्तर जुळवत बसतो. टोचणारं असेल तर कान बंदच! आज एकदा तरी फोन बाजूला ठेवून कुणाचं तरी बोलणं पूर्ण होऊ द्या. आणि सिद्धेश्वर मंदिरात गेलात, तर समाधीपाशी दोन मिनिटं काहीही न मागता बसा.

ॐ नमः शिवाय.