आवाजाला दार उघडे

वडील जाऊन २६ वर्षे लोटली आहेत आणि मुलगी त्यांच्याबरोबर गाते आहे! १९९१ मध्ये नॅटली कोल या अमेरिकन पॉप गायिकेने 'अनफर्गेटेबल... विथ लव्ह' हा आल्बम काढला, तेव्हा लोक थक्क झाले ते याच गोष्टीने. आल्बममध्ये २२ गाणी, सगळी तिचे वडील नॅट किंग कोल यांच्या भांडारातली. त्यातले शेवटचे गाणे बाप-लेकीचे. वडिलांच्या १९६१ च्या ध्वनिमुद्रणातला आवाज तंत्रज्ञांनी अलगद वेगळा काढला, त्याला नव्याने वाद्यवृंद दिला आणि मुलीच्या ओळी त्यात गुंफल्या.

मी तेव्हा तिशीत होतो, बँकेत अधिकारी होतो. एका सहकाऱ्याने ती कॅसेट हातात ठेवली. इंग्रजी गाण्यांशी माझी ओळख बेताचीच. पण तो पुरुषी आवाज कानात राहिला. शेजारी बसून कोणी हलक्या आवाजात समजूत घालावी, तसे ते गाणे होते. कुठे घाई नाही, कुठे आरडाओरडा नाही, आणि शब्द कसा नाणे वाजवून घ्यावा तसा खणखणीत. पुढे या माणसाचे चरित्र वाचले आणि त्या शांतपणाची किंमत कळली.

नॅट कोल यांचा जन्म १९१९ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीचा. वर्णभेद तिथे कायद्यानेच चालत असे. नॅट लहान असतानाच कुटुंब शिकागोला आले. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, आई तिथेच ऑर्गन वाजवणारी. पियानोचे पहिले धडे आईचे. शिकागो म्हणजे त्या काळी जॅझचे माहेरघर. अर्ल हाइन्स या पियानोवादकाने या मुलाला वेड लावले. १९३७ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी पियानो, गिटार आणि बास एवढ्या तीनच वाद्यांचा संच उभा केला. ड्रमचा पत्ताच नाही. जाणकार आजही त्यांना आधी थोर पियानोवादक मानतात. मात्र, लोकांना हवा होता तो त्यांचा गळा.

१९४३ मध्ये कॅपिटॉल या नव्या कंपनीशी करार झाला. त्यांच्या तबकड्यांवर कंपनीची एवढी भरभराट झाली की, तिच्या हॉलिवूडमधल्या गोल इमारतीला लोक नॅटने बांधलेले घर म्हणू लागले. त्यांचे स्वतःचे घर मात्र इतक्या सहजी झाले नाही.

१९४८ मध्ये 'नेचर बॉय' हे त्यांचे गाणे देशभर पहिल्या क्रमांकावर होते. त्याच वर्षी त्यांचे मारियाशी लग्न झाले आणि लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या श्रीमंत, गोऱ्यांच्या वस्तीत त्यांनी घर घेतले. काळ्या माणसाला घर विकायचे नाही, अशी अट तिथल्या खरेदीखतांत असे. अशा अटी न्यायालये अमलात आणणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला होता. पण कायदा बदलला म्हणून शेजारी बदलत नाहीत. रहिवासी एकत्र झाले. वस्तीत नको ती माणसे यायला नकोत, असे त्यांनी सुनावले. कोल यांनी शांतपणे उत्तर दिले की, तशी माणसे त्यांनाही नको आहेत. कोणी दिसलेच तर पहिली तक्रार तेच करतील. घर त्यांनी सोडले नाही. पुढे कोणीतरी त्यांच्या हिरवळीवर वर्णद्वेषी शिवी जाळून उमटवली.

घरकर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पगार, तारण, जामीनदार यांवरून माणसाची पत ठरते, असे आम्हाला शिकवलेले. एकदा एका चोख अर्जदाराचे कर्ज मी मंजूर केले आणि महिन्याभरात फाइल परत आली. उपनगरातल्या एका सोसायटीने त्याला घरच दिले नव्हते. कारण कागदावर नव्हते, आडनावात होते. त्याने मला काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. पैसा, कागदपत्रे, कीर्ती यांतले काहीच जिथे चालत नाही, अशी एक पत असते, हे मला त्या फाइलने शिकवले. म्हणून हँकॉक पार्कची हकिगत मला फार परकी वाटली नाही.

१९५१ मध्ये करखात्याची थकबाकी डोक्यावर आली आणि त्याच घरावर जप्ती आली. कोल यांनी गाऊन कर्ज फेडले, घर राखले. 'अनफर्गेटेबल' प्रथम ध्वनिमुद्रित झाले तेही याच वर्षी. त्या गाण्यातल्या निवांतपणात या विवंचनेचा मागमूस नाही.

एप्रिल १९५६ मध्ये ते जन्मराज्यात, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला गात होते. समोर फक्त गोरे श्रोते. काळ्यांसाठी वेगळा खेळ. गाणे चालू असताना वर्णद्वेषी टोळीतले लोक मंचावर चढले आणि त्यांनी कोल यांना खाली पाडले. सभागृहातल्या गोऱ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, त्या कोल यांच्यासाठी. पण दुसरा घाव स्वकीयांचा होता. विभागलेल्या श्रोत्यांपुढे गाण्याचे कबूलच का केले, असा जाब काळ्यांच्या वृत्तपत्रांनी विचारला. तो गैर नव्हता. कोल मिरवणुकीत घोषणा देणारे नव्हते. आपण दार हळूच ढकलत राहिलो तर ते उघडेल, असा त्यांचा स्वभाव. या टीकेनंतर काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे ते आजीव सभासद झाले.

त्याच नोव्हेंबरात एनबीसी वाहिनीवर त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. कार्यक्रम सुरेख, पाहुणे मातब्बर. एला फिट्झगेराल्ड, हॅरी बेलाफाँट यांच्यासारखे कलावंत किरकोळ मोबदल्यात यायचे. तरी देशभराच्या जाहिरातीसाठी एकही मोठी कंपनी पुढे आली नाही. दक्षिणेतले गिऱ्हाईक बिथरेल ही धास्ती! तेरा महिन्यांनी, डिसेंबर १९५७ मध्ये, कोल यांनीच कार्यक्रम थांबवला.

त्यांच्या हातात सतत सिगारेट असे. धुराने आवाजाला खर्ज येतो, अशी त्यांची समजूत. १५ फेब्रुवारी १९६५ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी. नॅटलीला पंधरावे वर्ष पूर्ण होऊन नऊ दिवस झाले होते.

तिने स्वतःची वाट १९७५ पासून वेगळ्या ढंगाच्या गाण्यांनी काढली आणि नावही कमावले. वडिलांची गाणी मात्र ती कटाक्षाने टाळायची. त्यांच्या सावलीत उभे राहायचे नव्हते. मध्यंतरी अमली पदार्थांच्या विळख्यात सापडली, त्यातून निर्धाराने बाहेर आली. चाळिशी ओलांडली, तेव्हा कुठे वडिलांच्या गाण्यांना हात लावण्याचे धैर्य झाले. आल्बमच्या एकट्या अमेरिकेत सत्तर लाख प्रती खपल्या. १९९२ च्या ग्रॅमी समारंभात वर्षातला सर्वोत्तम आल्बम, ध्वनिमुद्रण आणि गीत हे तिन्ही मान त्याला मिळाले.

मेलेल्या माणसाकडून गाऊन घेणे बरे की वाईट, हा वाद तेव्हा झाला. आज यंत्रे कोणाचाही आवाज हुबेहूब काढतात, तेव्हा तो अधिकच खरा वाटतो. माझे मत साधे आहे. नॅटलीने वडिलांच्या तोंडी एकही नवा शब्द घातला नाही; त्यांनी गायले तेवढेच ठेवले आणि आपण शेजारी उभी राहिली. ती हँकॉक पार्कच्या त्याच घरात वाढली. त्या घरावरची जप्ती, हिरवळीवरची ती शिवी हे सारे तिच्या घरच्याच इतिहासातले. यातले काही त्या गाण्यात नाही, आणि नसावेच. वडिलांनीही ते कधी गाण्यात येऊ दिले नव्हते.

नॅटलीही २०१५ च्या अखेरच्या दिवशी गेली. आता त्या गाण्यात दोघेही सारखेच दूरचे झाले आहेत. घरात ते लावाल तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा की, हा आवाज लाखो घरांत मानाने गेला आणि ज्याचा तो होता, त्याला शेजारी म्हणून घ्यायला एक गल्ली तयार नव्हती. मग मुले विचारतील, आपल्या गल्लीचे काय? त्याचे उत्तर मात्र तयार ठेवायला हवे.