एकोणपन्नास षटकांचं ओझं

फेब्रुवारी १९५९. दिल्लीचा फिरोजशाह कोटला, समोर वेस्ट इंडीजचे धिप्पाड फलंदाज, आणि चेंडू हातात घेऊन धावत येणारा एकोणीस वर्षांचा मुंबईकर पोरगा. उंची जेमतेम पाच फूट चार इंच. रमाकांत भिकाजी देसाई. पुढे सगळं क्रिकेटजगत त्यांना लाडानं ‘टायनी’ म्हणू लागलं.

कोटल्याची खेळपट्टी निर्जीव. वेस्ट इंडीजनं ८ बाद ६४४ धावा केल्या आणि तिघांनी शतकं ठोकली. पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या या पोराकडून ४९ षटकं टाकून घेण्यात आली. म्हणजे २९४ चेंडू, तेही प्रत्येक वेळी पळत येऊन! १६९ धावांत चार बळी मिळाले. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, आणि मला वाटतं, तिथंच घात झाला.

आमच्या हुपरीत चांदीच्या धंद्यात हे रोज दिसतं. पैंजणाचं नाजूक काम ज्या पोराला जमतं, त्याच्याचपुढं कामाची रास पडते. दिवाळी तोंडावर आली की तो रात्र रात्र जागतो. चाळिशीच्या आत डोळे जातात, मान धरते. हात चांगला असणं हाच त्याचा गुन्हा! मी जन्मभर बँकेत काढला. तिथं कर्जदाराची ऐपत बघूनच उचलीची मर्यादा ठरते. देसाईंच्या खांद्याची मर्यादा ठरवायला मात्र कुणाला सवड नव्हती.

ऐपत काय होती बघा. १९५८-५९ हा त्यांचा रणजीचा पहिलाच हंगाम, आणि त्यात बळी पुरे पन्नास. त्याच वर्षी लॉर्ड्सवर इंग्लंडचे पाच फलंदाज ८९ धावांत टिपले. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध मालिकेत २१ बळी. हनीफ महंमदसारखा चिवट फलंदाज त्यांच्यापुढं चाचपडायचा. त्याच मालिकेत मुंबईला दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ धावाही कुटल्या, नाना जोशींबरोबर नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागी केली. म्हणजे दिवसभर गोलंदाजी करून वर फलंदाजीही यांनीच करायची.

दुसऱ्या टोकाला तोलामोलाचा वेगवान जोडीदार नाही. फिरकीवाले येईपर्यंत आणि पुष्कळदा आल्यावरही, चेंडू पुन्हा यांच्याच हाती. मार्च १९६५ मध्ये मुंबईत न्यूझीलंडचे सहा गडी ५६ धावांत बाद केले, ती त्यांची सर्वोत्तम कामगिरी. तेव्हा वय होतं पंचवीस. वेगवान गोलंदाजाचा खरा बहर सुरू होतो ते वय. देसाईंचा वेग मात्र ओसरत चालला होता.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरची गतही वेगळी नव्हती. डॉजर्सचा डावखुरा सँडी कूफॅक्स १९६६ च्या हंगामात २७ सामने जिंकला आणि कोपराच्या संधिवातापायी तिशीतच घरी बसला. पण तिकडं निदान दोन सामन्यांमध्ये पिचरला विश्रांती देण्याची रीत तरी होती.

देसाईंचा शेवटचा कसोटी सामना फेब्रुवारी १९६८ मधला, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. मी तेव्हा नुकताच शाळेत जाऊ लागलो होतो. ही हकीकत पुढं थोरांच्या तोंडून ऐकली. न्यूझीलंडच्या ३५० धावा, आपले ३०२ वर नऊ गडी बाद. डिक मोट्झचा उसळता चेंडू देसाईंच्या जबड्यावर बसला. हाड मोडलं. शिरस्त्राणाचा जमाना नव्हता. कुणीही तंबूत परतला असता. हे खेळत राहिले! बिशनसिंग बेदीबरोबर शेवटच्या गड्यासाठी ५७ धावा जोडल्या, स्वतः नाबाद ३२. भारताला नऊ धावांची आघाडी मिळाली आणि पुढं पाच गडी राखून विजयही. परदेशातला आपला तो पहिलावहिला कसोटी विजय. वाडेकरांच्या धावा आणि प्रसन्नाचे बळी सगळ्यांना पाठ असतात, त्या ५७ धावा फारशा कुणाला आठवत नाहीत.

हिशेब मांडला तर २८ कसोटी, ७४ बळी, सरासरी ३७ च्या वर. आकड्यांत माणूस मध्यम दिसतो. पण ते गेल्यावर नव्या चेंडूची काय दैना झाली, ते आठवा. प्रत्यक्ष सुनील गावसकरांनाही गोलंदाजीची सुरुवात करावी लागली. कपिलदेव यायला १९७८ उजाडलं.

पुढं देसाई राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. २७ एप्रिल १९९८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. साठीही पुरी झाली नव्हती.