आकड्यांचे फेरे मोजणारे कापरेकर मास्तर

खास प्रतिनिधी, नौपाडा

मार्चअखेर जवळ आली, की हिशेबाच्या कार्यालयांत स्प्रेडशीटचे लांबलचक तक्ते उघडले जातात. शेकडो ओळींवर तीच क्रिया करण्यासाठी एखादा मॅक्रो लिहिला जातो आणि कधीकधी त्यातला लूप थांबतच नाही. एकच क्रिया पुन्हापुन्हा केली तर ती अखेर कोठे पोहोचते, हा प्रश्न संगणक आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी एका मराठी शिक्षकाने आयुष्यभर जोपासला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. त्यांचे शालेय शिक्षण आपल्या ठाण्यातच झाले, याची आठवण आज फार थोड्यांना असेल.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. आठव्या वर्षी आईचे छत्र हरपले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि त्या आकडेमोडीतूनच मुलाला संख्यांची गोडी लागली. ठाण्यातील शिक्षण संपवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवले आणि १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेतली. पुढील उच्च शिक्षण झाले नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते.

१९२३ साली, रेल्वेप्रवासात, त्यांना एक नवा संख्यासमूह सुचला. १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१, अशा डौलदार संख्या या समूहात येतात. त्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. डेम्लो हे जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरील स्थानकाचे नाव. आजचे डोंबिवली ते हेच!

त्यांचे सर्वांत गाजलेले संशोधन मात्र १९४९ सालचे, मद्रासच्या गणित परिषदेत मांडलेले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास आधी ३०८७, मग ८३५२ आणि शेवटी ६१७४ मिळते. त्यापुढे कितीही वजाबाक्या केल्या तरी उत्तर ६१७४ च राहते. कोणत्याही संख्येला येथवर पोहोचण्यास सातपेक्षा अधिक फेऱ्या लागत नाहीत.

हीच क्रिया मॅक्रोत उतरवून पाहिली, तर लूप कोठे बिघडतो हे चटकन उमगते. १००० पासून सुरुवात केल्यास पहिले उत्तर ९९९ येते. कागदावर आपण ते ०९९९ असे लिहितो. स्प्रेडशीट मात्र पुढचे शून्य गाळून टाकते. मग ९९९ मधून ९९९ वजा होऊन शून्य उरते आणि ६१७४ ची वाट पाहणारा लूप अखंड फिरत राहतो. शून्य जपून चार अंक कायम ठेवले, की ८९९१, ८०८२, ८५३२ या मार्गाने संख्या मुक्कामी पोहोचते. दोन अंकी संख्यांची गोष्ट वेगळी. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असा फेरा कधीच संपत नाही. उत्तर स्थिर होईपर्यंत थांबू नये, अशी अट घातलेला प्रोग्रॅम तेथे कायमचा अडकतो. आधी येऊन गेलेले उत्तर पुन्हा आले तर थांबावे, अशी अट तेथे हवी. हाताने गणित करणाऱ्याला प्रत्येक फेरी समोर दिसते. संगणकावर ती मुद्दाम स्वतंत्र ओळीत लिहवून घ्यावी लागते. दोष बहुधा त्याच ओळींत सापडतो.

कापरेकरांच्या वाट्याला मानसन्मान उशिरा आला. त्यांचे काम म्हणजे आकड्यांची करमणूक, असे म्हणून अनेक भारतीय गणितज्ञांनी त्याकडे पाठ फिरवली. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून साधी राहणी असूनही त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली ते निवर्तले.

६१७४ ला आज जग ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांनाही त्यांचेच नाव आहे. २०२५ साल उजाडले तेव्हा जगभरच्या गणितप्रेमींनी हा योग आवर्जून नोंदवला. ज्या ठाण्यात ते शिकले आणि ज्या डोंबिवलीचे जुने नाव त्यांनी गणितात अजरामर केले, तेथील शाळांच्या फळ्यांवर ही वजाबाकी वर्षातून एकदा तरी मांडली जावी.