बांडगूळ, फुलटोच्या आणि डॉ. सलीम अली

चौसाळ्याच्या शिवारात तुमच्या बांधावर जुना आंबा असेल, तर एकदा मान वर करून त्याच्या फांद्या पाहा. आंब्याच्या पानांहून वेगळ्या, जाडसर पानांचा झुपका दिसला तर ते बांडगूळ. ते फांदीत मुळे घुसवून पाणी आणि क्षार ओढते आणि पुढची फांदी वाळत जाते. हे बांडगूळ एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कसे पोहोचते, हे कोकणात बसून बारकाईने पाहणारा माणूस म्हणजे पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळले. दहाएक वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले, तिथे मिलार्ड साहेबांनी ती ओळखून दिली आणि पोराला पक्ष्यांचे वेड लागले. पुढे ब्रह्मदेशात घरचा खाणधंदा करून पाहिला, तो जमला नाही. मुंबईच्या संग्रहालयात नोकरी मिळाली. बर्लिनला जाऊन प्रा. स्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकून १९३० साली परत आले, तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली. मग पत्नी तहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. बेकारीतले हे दिवस आपल्या दृष्टीने फार मोलाचे ठरले.

किहीमला आंब्याच्या झाडांवर बांडगूळ भरपूर. सलीम अलींनी पाहिले की, त्याच्या फुलांतला मध प्यायला शिंजीर येतो आणि परागीभवन करून जातो. फळे मात्र फुलटोच्या हा चिमणीपेक्षाही लहान पक्षी खातो. बी इतके चिकट की विष्ठेतून बाहेर पडले तरी फांदीला डिंकासारखे चिकटून राहते आणि तिथेच रुजते. यावरचा त्यांचा लेख १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात आला.

आता यात थोडे थांबा. बांडगूळ आंब्याला थेट लुटते, हा प्रत्यक्ष संबंध. शिंजीर आंब्याचे पानही खात नाही, तरी बांडगुळाची फळधारणा वाढवून आंब्याचे नुकसान करतो. हा अप्रत्यक्ष संबंध, मध्ये तिसरा कोणीतरी असतो. आणि तोच शिंजीर किडे, कोळीही टिपतो. म्हणून पक्षी शत्रू की मित्र, हे नुसते बघून ठरत नाही, मोजावे लागते.

किहीमलाच त्यांनी शिडीवर आडोसा बांधून सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करते, मग तो दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी मांडले. ज्वारीच्या कणसावर बसणारी सुगरण तुम्हाला नकोशी वाटते, पण ती पिलांना किडे भरवते. १९३१-३२ मध्ये त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा आपला बीड जिल्हा त्याच संस्थानात होता. खर्च संस्थानाचा, मेहनताना काही नाही.

मोजायचे कसे? तुमच्या ज्वारीत चार ओळींवर पक्ष्यांची जाळी लावा, शेजारच्या चार ओळी मोकळ्या ठेवा. जाळी अशी हवी की पक्षी अडेल, पतंग आत जाईल. काढणीला दोन्हीकडचे दाणे तोला, पण त्याआधी दर आठवड्याला दोन्हीकडच्या अळ्याही मोजा. दाण्यांत दिसणारा फरक म्हणजे पक्ष्यांनी खाल्लेले वजा किड्यांपासून वाचवलेले. हरभऱ्यात पक्षिथांबे असलेल्या आणि नसलेल्या भागांत मीटरभर ओळीतल्या घाटेअळ्या मोजून हेच करता येते. एका हंगामावर निकाल देऊ नका.

अंदाज किती फसतो, हे खुद्द सलीम अलींच्या बाबतीतच दिसले. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पाणथळ वाचावे म्हणून ते झटले. म्हशींची चराई बंद करावी, असेच त्यांचेही मत होते. १९८२ मध्ये बंदी आली, गावकऱ्यांचा विरोध झाला, पोलीस गोळीबारात माणसे दगावली. नंतर दिसले ते उलटेच. म्हशी गेल्या तसे पाण्यातले गवत माजले, उघडे पाणी कमी झाले, पाणपक्ष्यांना खाण्याची जागा उरेना. म्हैस पक्ष्याला काही देत नव्हती, ती फक्त गवत खात होती! हे सिद्ध झाले ते सोसायटीनेच तिथे वर्षानुवर्षे केलेल्या मोजणीतून. आम्हाला यातली मोठी गोष्ट ही वाटते की, आपल्याच संस्थापुरुषाचे मत चुकले हे त्या संस्थेने दडवले नाही. अंतिम अहवाल आला तेव्हा सलीम अली हयात नव्हते. १९८७ साली, नव्वदीत, मुंबईत त्यांचे निधन झाले होते.

बांडगुळाचे म्हणाल, तर नुसते ओरबाडू नका, मुळे आत राहून पुन्हा फुटते. फळे पिकण्याआधीच, चिकटलेल्या जागेच्या खालून फांदी कापा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. शेजाऱ्याच्या झाडावरचेही त्याच आठवड्यात काढायला सांगा; फुलटोच्याला बांध कळत नाही.