पंडिता रमाबाई : त्यांची विद्या व त्यांचे भाषांतर

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील खेडोपाडीच्या मंडळ्यांस पंडिता रमाबाईंचे नाव नवे नाही. केडगावच्या मुक्तिसदनाची आई म्हणून त्या सर्वांस परिचित आहेत. परंतु त्या मूळच्या किती मोठ्या विदुषी होत्या, आणि त्या विद्येचे त्यांनी पुढे काय केले, हे उपदेशक बंधूंस व शास्त्र शिकविणाऱ्या भगिनींस विशेषेकरून कळावे म्हणून हा वृत्तांत देत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे शास्त्री. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीने देवभाषा शिकावी हे शास्त्रीमंडळींस रुचले नाही. तेव्हा त्यांनी अरण्यातच बिऱ्हाड केले. रमाबाई सहा महिन्यांच्या असता कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणले. पुढे वर्षानुवर्षे देवळात पुराण सांगावे व मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, असा क्रम चालला. अशा भटकंतीत आईने मुलीला शिकविले. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंस लहान वयातच मुखोद्गत झाले. वेद मात्र शिकविले नाहीत, कारण स्त्रीला त्यांचा अधिकार नाही असे घरचे मत होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागावी तर लाज, अशा स्थितीत आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण असे एकामागून एक गेले. रमाबाई व भाऊ श्रीनिवासशास्त्री असे दोघेच उरले व पायी हिंडत उत्तरेकडे गेले. झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत निजून अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचावयास दिले. धर्मशास्त्रे स्वतः वाचू लागल्यावर रमाबाईंच्या ध्यानात आले की, इतर बाबतींत त्या ग्रंथांत कितीही मतभेद असोत, स्त्रिया व शूद्र यांस हीन लेखण्यात बहुतेकांचे एकमत आहे.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कलकत्त्यात कोणी ख्रिस्ती लोकांनी त्यांस संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्र भेट दिले. ज्या बाईंना पुराणे तोंडपाठ, त्यांना ते वाचून काही उमगेना. वाचणे म्हणजे काळाचा अपव्यय असे त्यांना वाटले. पुढे १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी शूद्र गणलेल्या जातीचे बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले, आणि हे मात्र त्यांनी आवडीने वाचले. पंडितांच्या भाषेतले पुस्तक पंडितेला भिडले नाही, साध्या भाषेतले भिडले!

फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने पती वारले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, व सरकारी शिक्षण आयोगापुढे स्त्रीशिक्षक व स्त्रीवैद्य यांची गरज मांडली. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकण्याचा विचार होता, पण ऐकू कमी येऊ लागल्याने तो राहिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या हवाली केली नाही. त्रैक्याविषयी व मंडळीच्या अधिकाराविषयी शंका आल्या त्या त्यांनी आपल्या धर्मगुरुभगिनींस निर्भयपणे लिहून विचारल्या, आणि समाधान होईपर्यंत मान डोलावली नाही. काहींना हा गर्व वाटला. आम्हांस तसे वाटत नाही.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले, व तेथील मित्रांच्या साह्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. धर्माची सक्ती नव्हती. परंतु बाई प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, व मुली येऊन बसत. यावरून १८९३ साली मोठा गहजब झाला. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून निघाले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या मुली बाईंच्या भरवशावर आल्या होत्या त्यांचीच यात ओढाताण झाली, हे दुःख मोठे होते.

१८९६–९७ चा दुष्काळ आपल्या वऱ्हाडाशेजारच्या मध्यप्रांतात कडक पडला. ज्यांनी स्वतः उपासमारीत आईबाप गमावले होते, त्या बाई तिकडे जाऊन शेकडो अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. यांतून केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. त्या बहुतेक खेड्यांतल्या, निरक्षर होत्या. आणि त्यांना वाचून दाखविताना प्रचलित मराठी शास्त्रातील संस्कृत शब्द अडत. कित्येक शब्दांस वेदान्तातला भलताच अर्थ चिकटलेला असे. हे दुसऱ्या कोणाच्या लक्षात आले असते की नाही कोण जाणे. रमाबाईंना तो अर्थ पाठ होता, म्हणूनच तो खुपला. त्या इब्री व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सर्व शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करावयास बसल्या. खिळे जुळविणे व छापणे सदनातील मुलीच करीत. उतारवयात, कानांनी बहिऱ्या झालेल्या बाईंनी या कामात वर्षेच्या वर्षे घालविली. मंडळ्यांच्या उपासनेत हे भाषांतर रूढ झाले नाही. काही ठिकाणी वाक्यरचना अवघडते, हेही खरे. तथापि एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून संपूर्ण शास्त्र मराठीत आणणे ही लहान गोष्ट नव्हे.

जुलै १९२१ मध्ये एकुलती मनोरमा आईच्या आधी गेली. बाई मुद्रिते तपाशीत राहिल्या. ते काम पुरे झाल्यावर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडला.